स्विफ्ट पेट्रोलसाठी ऑइल फिल्टर कुठल्या कंपनीचा घ्यावा? सकाळी इंजिन खडखडतंय

अजिंक्यतारा_रोजचा

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, २०१५ ची, रनिंग ८२ हजार. वॉरंटी कधीच संपली, त्यामुळे आता घराजवळच्या गॅरेजला टाकतो. मिस्त्रींचा हात चांगला आहे, कामात लबाडी नाही, पण पार्टचा विषय निघाला की "सर, सगळे सारखेच असतात" एवढंच उत्तर.

मागच्या सर्व्हिसला ऑइल मी स्वतः नेलं होतं, मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच ग्रेडचं. फिल्टर मात्र त्यांच्याकडचा बसला. निळा डबा, त्यावर 'हेवी ड्यूटी' असं मोठ्या अक्षरात, आणि कंपनीचं नाव मी आजवर कधी ऐकलेलं नाही. बिलात सत्तर रुपये लावलेत. तेव्हापासून एक नवीन गोष्ट सुरू झालीय. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड ऐकू येते आणि लाल ऑइलचा दिवा पूर्वीपेक्षा उशिरा विझतो. नंतर एकदम शांत. मेढ्याला शाळेवर पोचून दुपारी पुन्हा काढली तर आवाज नाही. फक्त सकाळी. ऑइलची पातळी काडीवर बघितली, बरोबर दोन खुणांच्या मधे आहे.

पुढची सर्व्हिस जवळ आलीय. साताऱ्यातल्या दुकानात विचारलं तर मारुती जेन्युइन, बॉश, प्युरोलेटर, मान आणि एलोफिक एवढे मिळतील म्हणाले. किमतीत फार फरक नाही. यातला कुठला घ्यावा? आणि या आवाजाचा फिल्टरशी खरंच संबंध असतो का? मिस्त्री म्हणतात चेन ढिली झाली असेल, इंजिन उघडावं लागेल.

आणखी एक. ते असंही म्हणतात की फिल्टर एक सोडून एक सर्व्हिसला बदलला तरी चालतो. हे खरं आहे का?

बेळगाव_पुणे_परत

सरळ मारुतीचा जेन्युइन घ्या, डोक्याला ताप नको. माझी वॅगनआर दीड लाखाच्या पुढे गेलीय, कायम तोच. चेन वगैरे इतक्यात उघडू नका.

भोसरी_क्वालिटी

सर, आधी आवाजाचं बघू, कंपनीचं नंतर.

मी फिल्टरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होतो, निवृत्त होईपर्यंत तेच काम केलं. कुठल्या कंपनीत ते लिहीत नाही, नाहीतर पुढे जे सांगतोय ते जाहिरात वाटेल. तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून नीट उत्तर देता येतंय. रात्रभर उभी राहिल्यावरच आवाज, तोही दोन-तीन सेकंद, दिवा उशिरा विझणं, दुपारी काहीच नाही, आणि हे सगळं फिल्टर बदलल्यापासून. हे वाचून माझा पहिला संशय फिल्टरमधल्या रबराच्या एका चकतीवर जातो.

नवीन फिल्टर हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे बघा. मधे आटे असलेलं मोठं भोक आणि त्याच्याभोवती गोलात लहान लहान भोकं दिसतील. पंपाकडून आलेलं ऑइल लहान भोकांतून आत शिरतं, कागदातून गाळून मधल्या नळीत येतं आणि मोठ्या भोकातून इंजिनात जातं. त्या लहान भोकांच्या मागे रबराची एक चकती असते. ऑइल येताना ती मागे सरकते, इंजिन बंद झालं की भोकांवर बसते आणि आतलं ऑइल परत जाऊ देत नाही. अँटी-ड्रेन व्हॉल्व्ह तो हाच. लाइनवर आम्ही त्याला डायफ्राम म्हणायचो. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर याच्यावर फार भिस्त असते. डबा तळ खाली करून उभा लटकत असेल तर तेवढी नसते. तुमच्या गाडीत तो कसा बसलाय ते वाकून बघा.

ही चकती वाकडी बसली, रबर हलकं असलं किंवा उष्णतेनं कडक झालं, तर रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. सकाळी सेल्फ मारला की पंप आधी तो रिकामा डबा भरतो, मग कुठे वरपर्यंत दाब पोचतो. तुमच्या इंजिनात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची वेळेवर उघडझाप करायला, बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन सैल राहते. तुमच्या मिस्त्रींना चेनचा आवाज ऐकू येतोय हे खरंच असेल. पण चेन झिजली म्हणून वाजतेय की तिला ऑइल उशिरा पोचतंय म्हणून वाजतेय, हे इंजिन उघडण्याआधी ठरवायला हवं. चेन-टेन्शनरचं काम हजारांतलं, फिल्टर शे-दीडशेचा. स्वस्तातली शंका आधी फेडून घ्या. पुढच्या सर्व्हिसची वाटही बघू नका. फिल्टर आत्ताच बदला, जेवढं ऑइल जाईल तेवढं त्याच ग्रेडचं वरून घाला. आवाज थांबला तर विषय संपला. चांगला फिल्टर लावूनही खडखड राहिलीच, तर चेनकडे वळा. दिवा उशिरा विझतच राहिला तर ऑइलचा दाब गेज लावून मोजून घ्या.

एक सोडून एक सर्व्हिसला फिल्टर बदलण्याबद्दल. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, फिल्टरसह आणि फिल्टरविना. तुमच्या इंजिनाला दोन्हींत साधारण पाव लिटरच्या आतबाहेर फरक असेल. म्हणजे फिल्टर ठेवला तर तेवढं काळं ऑइल नव्यात मिसळतं. पण माझी काळजी ती नाही. फिल्टरमध्ये आणखी एक व्हॉल्व्ह असतो, बायपास. कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल फार घट्ट असलं, की कागदाच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि हा व्हॉल्व्ह उघडून ऑइल न गाळताच पुढे सोडतो, कारण इंजिन कोरडं पडण्यापेक्षा मळकं ऑइल परवडतं. हा फरक बऱ्याच गाड्यांत एक बारच्या आसपास ठेवलेला असतो, पण इंजिनागणिक वेगळा. आता, फिल्टर चोंदून बायपास कायमचा उघडा राहिला तर ते कळणार कसं? डॅशबोर्डवर त्याचा दिवा नाही. आवाज नाही, ॲव्हरेज पडत नाही. मळ बेअरिंगवर जात राहतो आणि गाडी छान चालतेय असंच वाटतं. म्हणून ऑइल बदललं की फिल्टर बदलायचाच, यात तडजोड करू नका.

आता मूळ प्रश्न. काढलेला निळा डबा फेकू नका. पूर्ण निथळू द्या आणि ओळखीच्या लेथवाल्याकडे न्या, तोंडाजवळच्या शिवणीच्या जरा खाली गोल कापून देईल. हॅक्सॉने कापू नका, लोखंडाचा भुसा आत पडतो आणि मग मळ कुठला, भुसा कुठला ते कळत नाही. वर्तमानपत्रावर सगळं सुटं करून ठेवा आणि फोटो टाका. आतला कागद बघितल्याशिवाय मी कुठल्याच फिल्टरबद्दल बोलत नाही.

मालवणी_ईको

काकांनी लिहिलेलं अगदी पटलं. एक किनाऱ्याकडचा अनुभव जोडतो. इथे खाऱ्या हवेत फिल्टरचा डबा बाहेरून गंजतो. हलक्या फिल्टरला रंग इतका पातळ असतो की एका पावसाळ्यात शिवणीजवळ तांबेरा धरतो. माझ्या भावाच्या टेंपोला तिथूनच ऑइल पाझरायला लागलं होतं. कोकण-गोव्यात गाडी असेल तर दुकानात डब्याच्या कडेवर नख फिरवून बघा, रंग निघत असेल तर परत द्या.

कराडकर_डिझेल

माझी एर्टिगा १.३ डिझेल. याला डबा नाही, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली नुसता कागदाचा एलिमेंट बसतो. चांगल्या कंपनीच्या खोक्यात एलिमेंटसोबत ओ-रिंग, म्हणजे गळती थांबवणारी रबराची रिंग, येते. हलक्या खोक्यात ती नसते, मग मिस्त्री जुनीच रिंग परत बसवतो आणि आठवड्यात झाकणातून गळायला लागतं. डिझेलवाल्यांनी खोकं उघडून रिंग आहे का ते आधी बघावं. आणि ती झाकणाच्या नेमक्या खाचेत बसली पाहिजे, वरखाली झाली की गळती ठरलेली.

अजिंक्यतारा_रोजचा

काका, मनापासून आभार. फिल्टर शनिवारी बदलून घेतला, मारुती जेन्युइन, कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवरून. निळा डबा एमआयडीसीतल्या लेथवर कापून आणला. फोटो इथे चढत नाहीयेत, म्हणून दिसलं ते लिहितो.

रबराची चकती काळी आहे. बोटानं दाबली तर लवत नाही, एका बाजूला कड वर उचललेली आहे, तिथून उजेड आरपार दिसतो. कागदाच्या घड्या एका बाजूला दाटीवाटीनं आणि दुसऱ्या बाजूला दोन घड्यांत बोट जाईल एवढी फट. कागद पिवळट आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा मऊ, ओढला तर फाटला. तळाशी एक पत्र्याची स्प्रिंग आहे. पण तुम्ही सांगितलेला बायपास व्हॉल्व्ह मला कुठेच सापडला नाही. मधल्या नळीची तळाकडची बाजू नुसत्या सपाट पत्र्यानं बंद केलेली आहे.

आवाजाचं म्हणाल तर सोमवारी सकाळी दिवा पूर्वीसारखा लगेच विझला. खडखड नाही. मंगळवारीही नाही.

भोसरी_क्वालिटी

छान काम केलंत. आता एकेक सांगतो, कारण तुम्ही जे वर्णन केलंत तेच कुठल्याही फिल्टरची परीक्षा घ्यायला पुरेसं आहे.

चकतीचं तुम्हाला कळलंच. ती बहुतेक साध्या नायट्राइल रबराची असते आणि चांगलं नायट्राइल दहा हजार किलोमीटर नीट काढतं. काही कंपन्या सिलिकॉन वापरतात, ते उष्णतेला जास्त टिकतं. फक्त लाल किंवा केशरी रंग बघून सिलिकॉन समजू नका, नायट्राइललाही रंग देता येतो. लवचिकपणा बघा. तुमची चकती एका सर्व्हिसात लाकूड झाली म्हणजे मुळातच माल खराब होता.

मऊ कागद ही मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. फिल्टरचा कागद साधा नसतो, त्याला फेनॉलिक रेझिन पाजलेलं असतं. घड्या पाडून झाल्यावर तो भट्टीतून काढतात, पापड भाजल्यावर कडक होतो तसा तो तिथे कडक होतो. फिकट पिवळा कागद भट्टीतून तपकिरी छटा घेऊन बाहेर येतो आणि बोटानं वाकवला तर करकरतो. असा पक्का कागद गरम ऑइलमध्ये महिनोन्महिने राहूनही घडी सोडत नाही. भट्टीचं तापमान कमी ठेवलं किंवा पट्टा जोरात पळवला की वीज वाचते, उत्पादन वाढतं, आणि कागद कच्चा राहतो. खोक्यातून काढताना दोन्ही सारखेच दिसतात. महिन्याभरात ऑइलनं कच्चा कागद लोळागोळा होतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि गाळायला जागाच उरत नाही. आम्ही रोज सकाळी पहिल्या लॉटमधला एलिमेंट घेऊन हातानं चुरगाळून बघायचो. मशीनच्या चाचण्या नंतर, आधी हात.

घड्यांची दाटी आणि फट म्हणजे एलिमेंट बसवताना कोणी बघितलं नाही. ऑइल नेहमी सोपी वाट धरतं. फट असेल तिथून सगळा लोंढा जातो, तेवढाच कागद लवकर चोंदतो, बाकीचा नवा कोरा राहतो. कागदाची दोन टोकं जिथे जोडलेली असतात तो जोड आणि वरखालच्या पत्र्याच्या टोप्यांना लावलेला डिंकही तपासा. तिथे सुई जाईल एवढी जागा असली तरी गाळणं संपलं, कारण ऑइल कागदात शिरायच्या भानगडीतच पडत नाही.

आणि बायपास नसणं. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरऐवजी इंजिनाच्या ब्लॉकमध्येच दिलेला असतो, तिथे फिल्टरमध्ये तो नसला तरी बिघडत नाही. जेन्युइन फिल्टर पुढच्या वेळी निघेल तेव्हा तोही कापून बघा. त्यात बायपास सापडला, तर तुमच्या इंजिनाला तो फिल्टरमध्येच हवा आहे, आणि निळ्या डब्यात तो नसणं म्हणजे पैसे वाचवण्यासाठी कापलेला कोपरा. मग कडाक्याच्या थंडीत घट्ट ऑइल त्या मऊ कागदावर जाऊन आदळलं असतं आणि कागद फाटून तुकडे आत गेले असते. वेळेत काढलात हे बरं झालं.

आता कंपनी. डोळ्यांनी जे दिसतं ते वर झालं, जे दिसत नाही त्यासाठी चाचण्या असतात. आयएसओ ४५४८ नावाची मालिका आहे. तिच्या एका भागात बायपास तपासतात, एकात डबा किती दाबाला फुटतो ते, एकात अँटी-ड्रेन व्हॉल्व्ह, आणि बाराव्या भागात गाळण्याची क्षमता. या शेवटच्या चाचणीत ऑइलमध्ये ठरलेली बारीक धूळ सतत सोडतात आणि फिल्टरच्या आधी व नंतर किती कण आहेत ते मोजतात. म्हणून कोणी नुसतं "वीस मायक्रॉनचा फिल्टर" म्हटलं (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) तर त्याला काही अर्थ नाही. वीस मायक्रॉनचे शंभरातले किती कण अडवतो ते सांगा म्हणावं. पन्नास अडवणाराही वीस मायक्रॉनचा म्हणवून घेतो आणि नव्याण्णव अडवणाराही.

गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना या चाचण्यांतून पार पडावंच लागतं. गाडीच्या कंपन्या स्वतः फिल्टर बनवत बसत नाहीत, फिल्टरवाल्यांकडून करून घेतात आणि आपल्या खोक्यात घालतात. म्हणून तुमच्या यादीतल्या नावांबद्दल माझं मत असं. मारुती जेन्युइन डोळे झाकून. न मिळाल्यास प्युरोलेटर, बॉश किंवा मान, यांत वरखाली करण्यात वेळ घालवू नका. प्युरोलेटर आपल्याकडे माहले आणि आनंद ग्रुपच्या भागीदारीतून येतो, मानचा कारखाना कर्नाटकात तुमकूरला आहे, सगळे गाड्यांच्या कंपन्यांना पुरवठा करणारे लोक आहेत. एलोफिक फरीदाबादची जुनी कंपनी, तीही या धंद्यात मुरलेली. पन्नास रुपयांच्या फरकासाठी यातल्या एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट ठरवणं मला जमणार नाही. बिननावाचा मात्र नको म्हणजे नकोच.

कंपनीपेक्षा नंबर महत्त्वाचा. दुकानदार "स्विफ्टचा द्या" म्हटल्यावर फळीवरून काढून देतो, तसं घेऊ नका. पेट्रोल की डिझेल, कुठलं साल, हे सांगून कॅटलॉगमधला पार्ट नंबर बघा आणि तो खोक्यावरच्या नंबरशी ताडून घ्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांचे आटे वेगळे असू शकतात. मारुतीच्या तुमच्या इंजिनाला २० मिलीमीटर व्यास आणि दीड मिलीमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, लागते. टोयोटाच्या बऱ्याच इंजिनांना पाऊण इंच, इंचाला १६ आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर. हातात धरून हा फरक कळत नाही. २० मिलीमीटरचा फिल्टर ब्लॉकवरच्या पाऊण इंची स्टडवर (आटे असलेल्या नळीवर) चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि हायवेवर दाब वाढला की आटे सोडून निसटतो. मग पाच मिनिटांत चेंबर रिकामं.

बसवतानाच्या तीन गोष्टी मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून बघा. जुना फिल्टर निघाला की त्याच्या तोंडाच्या कडेचं गोल रबर त्याच्यासोबतच आलंय ना ते बघायचं. कधी कधी ते ब्लॉकला चिकटून राहतं आणि त्यावर नवं रबर चढतं. दोन रबरं एकावर एक बसली की पहिल्याच जोरात बाहेर फेकली जातात, आणि यात चांगल्या चांगल्या कंपन्यांचे फिल्टर फुकट बदनाम झालेत. दुसरं, नव्या रबराला बोटानं ताजं ऑइल लावायचं. तिसरं, फिल्टर हातानं फिरवत न्यायचा, रबर ब्लॉकला टेकल्यावर पाऊण फेरा, बस्स. किती फेरा ते बहुतेक खोक्यावर किंवा डब्यावर छापलेलं असतं. चेन पाना लावून आवळला की पुढच्या वेळी निघत नाही, मग पोटात स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवतात आणि डबा फाटतो. चेंबरच्या नटाचं वायसरही नवीन घाला, दहा-वीस रुपयांचा विषय असतो.

नानापेठ_काउंटर

पुण्यात स्पेअर पार्टच्या काउंटरवर आहे, रोज हेच विकतो. भोसरीकर काकांच्या म्हणण्याला माझ्या बाजूची जोड देतो. तुम्ही चांगल्या कंपनीचं नाव घेऊन मागता, पण मिळतं ते त्याच कंपनीचं असेलच असं नाही. फिल्टर हा डुप्लिकेटवाल्यांचा आवडता माल आहे. स्वस्त आहे, सतत खपतो, आणि आत काय आहे ते गिऱ्हाईक कधी बघत नाही.

डुप्लिकेट ओळखायला खोक्याची छपाई बघा. खऱ्या खोक्यावर अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात, खोट्यावर बारीक अक्षरं फुटलेली, एमआरपीचं स्टिकर तिरकं. खोक्यावरचा आणि डब्यावरचा पार्ट नंबर एकच हवा. होलोग्राम किंवा क्यूआर असेल तर तिथेच काउंटरवर मोबाइलनं तपासा, चांगला दुकानदार रागावणार नाही. एमआरपीवर निम्म्याहून जास्त सूट मिळत असेल तर माल परत ठेवा, आम्हालाच तेवढं मार्जिन नसतं. आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, मागितलं की खोटा माल विकणारा आपोआप दुसरं खोकं काढतो.

अजून एक, जे कोणी करत नाही. रिकामं खोकं फाडून टाका. गॅरेजच्या मागे पडलेली चांगली खोकी भंगारवाले वेचतात आणि त्यांना गिऱ्हाईक आहे. तुमच्या खऱ्या खोक्यात उद्या दुसऱ्याला खोटा फिल्टर मिळतो.

अजिंक्यतारा_रोजचा

नानापेठकर दादा, हे खोकं फाडण्याचं आमच्या मिस्त्रींनाही सांगितलं. त्यांना कापलेला निळा डबा दाखवला तेव्हा बराच वेळ हातात घेऊन बघत होते. ज्या सप्लायरकडून घेत होते त्याला राहिलेले सगळे परत पाठवतोय म्हणाले, आणि यापुढे फिल्टर मी आणला तरी लावणीचे पैसे तेवढेच घेतील. माणूस चांगला आहे हे मी आधीच लिहिलं होतं.

काका, शेवटचा प्रश्न. माझं रोज मेढ्यापर्यंत जाणं-येणं, शिवाय अधूनमधून कासचा घाट. ऑइल आणि फिल्टर दहा हजारांवर बदलू की पाच हजारांवर? आणि बाहेरून लावायचे चुंबक मिळतात, लोखंडाचे कण धरून ठेवतात म्हणे, ते घ्यावेत का?

भोसरी_क्वालिटी

मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं असेल तर तेच पाळा. तुमचं रोजचं अंतर एवढं आहे की इंजिन पूर्ण गरम होतं, ऑइलमधली वाफ उडून जाते. ज्यांची गाडी रोज दोन-तीन किलोमीटर बाजारात जाऊन परत येते त्यांनी किलोमीटर न बघता महिने बघावेत, कारण गार इंजिनात पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साठत राहतं. खूप धुळीचा कच्चा रस्ता असेल तर मॅन्युअलमध्येच कठीण वापराचा वेगळा तक्ता दिलेला असतो, तो बघा. धुळीसाठी आधी एअर फिल्टर तपासा, बरीचशी माती इंजिनात तिथूनच जाते.

चुंबक नको. ते फक्त लोखंड धरतात. बेअरिंगच्या आतला थर ॲल्युमिनियम किंवा तांबं-शिशाच्या मिश्रणाचा असतो, बाहेरून येणारी धूळ वाळूची. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. ते पैसे नानापेठकरांच्या पक्क्या बिलाच्या फिल्टरवर घाला, आणि पुढचा डबा निघाला की तोही कापा. त्यात बायपास आहे का आणि कागद कसा निघतो ते इथे लिहा, मला बघायचंय.